चूक स्वस्त असताना दिसावी

दूध संकलनाच्या ॲपवर काम करणाऱ्यांचा दिवस ऑफिस उघडायच्या फार आधी सुरू होतो, कारण दूध दहा वाजेपर्यंत थांबत नाही. आमची टीम पुण्यात बसते आणि ॲप चालतं कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांमध्ये. सभासद दूध घेऊन येतो, सचिव ते मोजतो, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, पाहतो. ॲप दरपत्रकावरून रक्कम काढतं, पावती छापतं आणि दर दहा दिवसांनी त्या पावत्यांचं बिल तयार होतं.

मी या ॲपची प्रॉडक्ट मॅनेजर. आमच्या कामात शब्द पुष्कळ: स्प्रिंट, बॅकलॉग, एमव्हीपी, कॅनरी, रोडमॅप. नवीन मुलं ते आठवड्याभरात बोलायला लागतात. ते कशासाठी आहेत, हे मात्र एखादा पूर्ण दिवस सोबत काढल्यावर कळतं. माझ्या मते यातल्या बहुतेक शब्दांच्या मुळाशी एकच गरज आहे. आपण चुकत असू तर ते लवकर कळावं, आणि त्या चुकीची किंमत पहाटे उठून धार काढणाऱ्या माणसाला मोजावी लागू नये. स्प्रिंटच्या शेवटच्या दिवसाचा हा दिनक्रम त्याच अंगाने लिहिते आहे.

सकाळी ६:१५. डॅशबोर्ड

संकलन ऐन भरात असतं. डॅशबोर्डवर मी आधी तीन गोष्टी पाहते: किती संस्थांमध्ये नोंदी सुरू झाल्या, किती नोंदी फोनमध्येच अडकून सर्व्हरवर यायच्या राहिल्या, आणि पावती निघायला किती वेळ लागतोय.

पावतीच्या वेळेची सरासरी मी बघत नाही. सरासरी चांगली दिसते आणि तेवढ्यात गगनबावड्याच्या एखाद्या संस्थेत माणसं किटल्या घेऊन खोळंबलेली असतात. म्हणून पी-९५ बघायचा, म्हणजे १०० पैकी ९५ पावत्या जेवढ्या वेळाच्या आत निघाल्या तो आकडा. तो वाढला की समजायचं, कुठेतरी रांग लागली आहे.

रोज किती जणांनी ॲप उघडलं, हा आकडाही पडद्यावर असतो. त्याला डीएयू म्हणतात आणि गुंतवणूकदारांना तो आवडतो. आमच्याकडे त्यातून फारसं काही कळत नाही. सचिवाला ॲप उघडावंच लागतं, नाहीतर दूध घेता येत नाही. जो आकडा वर गेला म्हणून आपण काहीच वेगळं करणार नाही, तो दिखाऊ आकडा. आमचा ‘नॉर्थ स्टार’, म्हणजे सगळ्या टीमने मिळून ज्याच्याकडे पाहायचं ते एकच मोजमाप, वेगळा आहे: दहा दिवसांचं बिल कुठलीही दुरुस्ती न करता किती सभासदांना मिळालं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये दिलेला इशारा इथेही लागू पडतो. मोजमापालाच उद्दिष्ट केलं की ते मोजमाप बिघडतं. ‘दुरुस्त्या कमी करा’ एवढाच हुकूम सुटला, तर दुरुस्तीचं बटण लपवूनही आकडा सुधारेल. म्हणून त्याच्या शेजारी तक्रारींचा आकडा ठेवलेला आहे. अशा राखणदार आकड्याला गार्डरेल म्हणतात.

सकाळी ८:४५. सचिवांचा फोन

संकलन आटोपलं की सचिव मोकळे होतात, म्हणून फोनची वेळ हीच. राधानगरी तालुक्यातले एक सचिव बरेच दिवस एकच मागणी करत आहेत.

“मॅडम, तेवढं एक्सेलचं बटण द्या की.”

“देऊ की दादा, पण एक्सेल काढून पुढं काय करता तुम्ही?”

“काय करणार? सकाळ-संध्याकाळचं एकूण काढतो आणि गाडीला घातलेल्या दुधाशी मेळ घालतो. कालचं चार लिटर जुळंना झालंय बघा.”

त्यांना हवा आहे तो मेळ. एक्सेल हा त्यांनी स्वतःपुरता शोधलेला उपाय. मागितलेला उपाय आणि त्यामागची अडचण वेगळी करणं, याला आम्ही डिस्कव्हरी म्हणतो. हार्वर्डचे क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी ‘जॉब्ज टू बी डन’ हा विचार लोकांपर्यंत नेला. माणूस वस्तू घेतो ती एखादं काम उरकण्यासाठी, तेव्हा वस्तूपेक्षा त्या कामाकडे बघा, असं त्याचं सार. बटण दिलं असतं तर दोन दिवसांत झालं असतं, आणि सचिव रोज रात्री फाइल उघडून बेरजा करतच राहिले असते.

इथे आणखी एक फरक सतत डोक्यात ठेवावा लागतो. ॲपचे पैसे देतो तो दूध संघ, वापरतो सचिव, आणि ज्याच्या घामाचा हिशेब त्यात आहे तो सभासद. ग्राहक, वापरकर्ता आणि लाभार्थी ही तीन वेगळी माणसं असली की पैसे देणाऱ्याचा आवाज मोठा होतो. सभासद कधी मीटिंगला येत नाही. त्याची बाजू कुणीतरी रोज मांडावी लागते, आणि ते काम माझं आहे.

सकाळी १०:००. स्टँडअप

पंधरा मिनिटं, बोर्डासमोर उभं राहून. स्क्रम पद्धतीतली ही रोजची भेट. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिलेल्या लेखात रग्बीच्या खेळावरून ‘स्क्रम’ हा शब्द उत्पादन विकासात आणला. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये सॉफ्टवेअरसाठी त्याची रीतसर मांडणी केली. काम छोट्या, ठरलेल्या मुदतीच्या तुकड्यांत करायचं, तो तुकडा म्हणजे स्प्रिंट. नियमाने त्याची कमाल मर्यादा एक महिना, आमचा दोन आठवड्यांचा. सहा महिने काम करून शेवटी दाखवलं आणि ते चुकीचं निघालं, तर सहा महिने गेले. दोन आठवड्यांनी दाखवलं तर दोनच आठवडे जातात.

स्टँडअपला ‘काल मी काय केलं’ याची हजेरी आम्ही घेत नाही. प्रश्न एवढाच असतो: स्प्रिंटचं ठरलेलं उद्दिष्ट गाठायला आज काय आडवं येतंय? आज टेस्टर म्हणाली, “प्रिंटरवर तपासायचं राहिलंय, आपल्याकडचा एकुलता एक प्रिंटर दुरुस्तीला गेलाय.” याला ब्लॉकर म्हणतात. तो ऐकला की पंधरा मिनिटं सार्थकी लागली.

बोर्डावर प्रत्येक रकान्याच्या वर एक आकडा लिहिलेला आहे. ‘चालू’ रकान्यात चारपेक्षा जास्त कामं नकोत. ही कल्पना कानबानमधली, टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवलेली. अर्धवट कामांचा ढीग वाढला की अडचण कुठे आहे ते दिसेनासं होतं.

नवीन आलेल्या मुलाने आज विचारलं, “ताई, प्रोजेक्ट मॅनेजर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यात नेमका फरक काय?” काम वेळेत, ठरलेल्या खर्चात, ठरल्याप्रमाणे होतंय ना, हे प्रोजेक्ट मॅनेजर बघतो. ठरलंय तेच मुळात बरोबर आहे का, ही जबाबदारी प्रॉडक्ट मॅनेजरची. या भूमिकेचं मूळ साबणाच्या धंद्यात सापडतं. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाचं काम पाहणाऱ्या नील मॅकलरॉय यांनी मे १९३१ मध्ये तीन पानी टिपण लिहून मागणी केली, की एका ब्रँडची सगळी जबाबदारी घेणारी स्वतंत्र माणसं नेमा. विक्री का घटली हे शोधायला त्या माणसाने स्वतः दुकानदारांपर्यंत जावं, ही अपेक्षाही त्यात होती. सॉफ्टवेअर पुढे आलं, पण दारापर्यंत जाण्याची ती अट अजून सुटलेली नाही.

सकाळी १०:३०. बॅकलॉग

बॅकलॉग म्हणजे करायच्या कामांची क्रमवार यादी. त्यातला ‘क्रमवार’ हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. क्रम नसेल तर ती इच्छांची पेटी होते. आज सचिवांच्या फोनमधून आलेलं काम तिच्यात लिहायचं आहे. ते यूझर स्टोरीच्या रूपात लिहितो: “संस्थेचा सचिव म्हणून, गाडी निघायच्या आधी मला संकलन आणि गाडीला घातलेलं दूध यातला फरक दिसावा, म्हणजे तो जागच्या जागी शोधता येईल.” कोण, काय आणि कशासाठी, या तिन्हींपैकी ‘कशासाठी’ गाळलं की स्टोरीची नुसती फर्माईश उरते.

मग स्वीकृतीच्या अटी ठरतात. रेंज नसताना फरक दिसला पाहिजे. उशिराने आलेल्या सभासदाची नोंद झाली की आकडा आपोआप बदलला पाहिजे. गाईचं आणि म्हशीचं दूध वेगळं मोजलं पाहिजे. शेवटची अट टेस्टरने सुचवली. मी आणि टेक लीड दोघांच्याही ती ध्यानात नव्हती. तीन वेगळ्या नजरा एका टेबलावर आणायच्या त्या यासाठीच.

किती मेहनत लागेल याच्या अंदाजासाठी प्लॅनिंग पोकर. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये ही रीत मांडली. प्रत्येकाने मनात मेहनतीचा आकडा, म्हणजे स्टोरी पॉइंट, धरायचा आणि सगळ्यांनी एकदम पत्ते उघडायचे. एकाने ३ दाखवले, दुसरीने १३. अशा वेळी सरासरी काढून पुढे जाणं सोपं असतं, पण आम्ही १३ वालीला बोलतं करतो. ती म्हणाली, गाडीची नोंद आज ॲपमध्ये होतच नाही, ती वहीत होते. म्हणजे आधी ती नोंद आणावी लागेल. १३ आकडा बरोबर होता. स्टोरी पॉइंटचा खरा उपयोग आकड्यापेक्षा या बोलण्यात आहे.

सकाळी ११:४५. रिलीज

आमच्याकडे कडक नियम आहे: संकलनाच्या वेळेत काहीही बदलायचं नाही. सकाळचं संपल्यावर आणि संध्याकाळचं सुरू व्हायच्या आधी जी खिडकी मिळते, त्यातच नवी आवृत्ती सोडायची. बिलाच्या दिवशी तीही बंद.

आज पावतीची नवी मांडणी जाणार आहे. ती सगळीकडे एकदम जात नाही. कोडमध्ये फीचर फ्लॅग नावाची कळ असते. नवं काम सर्वांच्या फोनवर पोचलेलं असलं तरी ते कुणाला दिसावं हे आम्ही इथून ठरवतो. आधी मोजक्या संस्था, तिथे नीट चाललं तर पाव हिस्सा, मग सगळे. याचं नाव कॅनरी रिलीज. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची चाहूल आधी लागावी म्हणून कॅनरी पक्षी नेत, त्यावरून ते आलं. फरक एवढा की आमच्या पहिल्या संस्थांना आधी विचारलेलं असतं, त्या तयार असतात, आणि दुपारी त्यांच्याकडे फक्त चाचणीच्या पावत्या निघतात.

वीस मिनिटांत एका संस्थेतून फोटो आला. पावतीवर फॅट आणि रकमेच्या जागी प्रश्नचिन्हं छापली होती. बाकी संस्थांत सगळं ठीक. टेक लीडने तो फोन कोणत्या भाषेवर आहे ते विचारलं. मराठीवर होता. फोनची भाषा मराठी ठेवली की अँड्रॉइड आकडेही देवनागरीत देतं, आणि थर्मल प्रिंटरच्या अक्षरसाठ्यात देवनागरी अंक नव्हते. पावतीतला मराठी मजकूर आम्ही चित्र करून पाठवत होतो, पण आकडे सरळ जात होते. फ्लॅग बंद केला आणि जुनी पावती लगेच परत आली. याला रोलबॅक म्हणतात. ज्याला माघारीचा रस्ता नाही असा रिलीज करायचा नाही, हे आमच्या धंद्यातलं मूलभूत शहाणपण आहे. हीच गोष्ट संध्याकाळी सहाला सगळ्या संस्थांमध्ये उघडी पडली असती, तर शेकडो सभासद प्रश्नचिन्हांची पावती घेऊन घरी गेले असते.

दुपारी १:००. जेवण आणि कर्ज

डबे उघडता उघडता टेक लीड म्हणाले, “पावतीचा कोड तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेला आहे. तो एकत्र करायला मला चार दिवस हवेत. स्क्रीनवर नवीन काहीच दिसणार नाही.”

हे टेक्निकल डेट. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये घाईत लिहिलेल्या कोडला कर्जाची उपमा दिली. कर्ज काढणं वाईट नाही, त्याने लवकर पुढे जाता येतं. फेडलं नाही तर मात्र प्रत्येक नव्या कामावर व्याज चढतं. सकाळची प्रश्नचिन्हं हे त्या व्याजाचंच रूप होतं. चार दिवस मी मान्य केले आणि ते रोडमॅपवर, म्हणजे पुढच्या कामांच्या आराखड्यावर, सगळ्यांना दिसतील असे लिहिले. मुद्दल लपवून ठेवलं की वरिष्ठांना फक्त ‘टीम हळू झाली’ एवढंच दिसतं.

दुपारी २:००. वापरून पाहणं

सभासदांसाठी नव्या बिलाच्या स्क्रीनचा नमुना तयार आहे. त्यामागे कोड नाही, फक्त दाबता येणारी चित्रं, म्हणजे प्रोटोटाइप. आज पाच सभासदांसोबत तो पाहायचा आहे. जेकब नील्सन यांनी २००० मध्ये लिहिलं होतं, की एका फेरीत पाच माणसं पुरतात. एका मोठ्या चाचणीपेक्षा दुरुस्त्या करत घेतलेल्या लहान लहान फेऱ्या बऱ्या.

संस्थेच्या पडवीत बसलेल्या मावशी व्हिडिओ कॉलवर आहेत. रेकॉर्डिंगची परवानगी आधी विचारली, आणि कशासाठी वापरू तेही सांगितलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमतीला महत्त्व दिलं आहे, आणि तो कायदा नसता तरी विचारलंच असतं.

“स्क्रीन आवडला का” असं डिझायनर कधी विचारत नाही. पाहुण्यांसमोर कोण नाही म्हणेल? ती एक काम देते: “मावशी, परवा संध्याकाळच्या दुधाला किती फॅट लागलं, ते जरा बघा की.”

मावशींनी पिशवीतून कागदी पावत्यांचा गठ्ठा काढून मांडीवर पसरला आणि फोन शेजारी ठेवला. त्यांना पावती आणि फोन पडताळून पाहायचे होते. आमच्या स्क्रीनवर एका वेळी एकच दिवस दिसत होता, वरून तो बोटाने सरकवायचा. त्या दोनदा चुकल्या, मग म्हणाल्या, “पोरी, दहाही दिवस एका खाली एक दिसले असते तर बरं झालं असतं. मी तसंच लावून ठेवते.” पाचपैकी चौघांनी पावत्या तशाच लावल्या होत्या. डिझायनरने त्याच बैठकीत नवी मांडणी कागदावर काढली. अजून एकही ओळ कोड लिहिलेला नाही, म्हणून ही दुरुस्ती अर्ध्या तासाची झाली.

दुपारी ३:३०. रोडमॅप

सर्वांत अवघड बैठक. विक्री, ग्राहक सेवा, टेक लीड आणि संचालक, सगळे हजर. यांना स्टेकहोल्डर म्हणतात, आणि प्रत्येकाची मागणी आपापल्या जागी खरी असते.

विक्रीप्रमुखांना बिलातून होणाऱ्या पशुखाद्याच्या वजावटीचा संपूर्ण विभाग हवा आहे. “एक नवा संघ याच्याशिवाय सही करणार नाही,” ते म्हणाले. अशा वेळी चार जोखमी तपासायच्या, अशी शिकवण मार्टी केगन यांच्या लिखाणातून आम्ही घेतली आहे: लोकांना याची गरज आहे का, त्यांना ते वापरता येईल का, आपल्याला बांधता येईल का, आणि धंद्याला परवडेल का. यातल्या शेवटच्या दोन प्रश्नांवर बैठकीत तास जातो; पहिल्या दोन्हींची उत्तरं गावात असतात.

क्रम लावायला राइस हे सूत्र वापरतो. किती जणांपर्यंत पोचेल, किती फरक पडेल आणि आपल्याला किती खात्री आहे, यांचा गुणाकार, भागिले लागणारी मेहनत. यातला खात्रीचा आकडा प्रामाणिकपणे टाकला तर बैठकीचा सूर बदलतो. वजावटीबद्दल आमची खात्री कमी होती, कारण सभासदांशी कुणीच बोललं नव्हतं.

जपानी अभ्यासक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये केलेली वर्गवारीही इथे उपयोगी पडते. काही गोष्टी असल्या तर कुणी कौतुक करत नाही, नसल्या तर विश्वास उडतो. बिलाची बेरीज बरोबर असणं ही तशी गोष्ट. तिच्या आधी दुसरं काहीही रांगेत येऊ नये, हे मी ठामपणे मांडलं.

मग वजावटीचा एमव्हीपी ठरला. ही संज्ञा फ्रँक रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये वापरली आणि एरिक रीस यांच्या २०११ च्या ‘द लीन स्टार्टअप’ने ती जगभर पोचवली. एमव्हीपी म्हणजे कमी दर्जाचं अर्धवट उत्पादन, असा समज फार पसरला आहे. खरं तर तो कमीत कमी कष्टांत मिळवलेला एक धडा असतो. आम्ही ठरवलं, की दोन संस्थांत येत्या बिलाला ग्राहक सेवेची माणसं वजावटीचा तपशील हाताने तयार करून सभासदांना व्हॉट्सॲपवर पाठवतील. बिलाच्या दिवशी सचिवांपुढे होणारी ‘माझं बिल कमी का आलं’ ही विचारणा घटली, तर विभाग बांधायचा. नाही घटली, तर सभासदाला काही दुसरंच हवं आहे, ते शोधायचं. विक्रीप्रमुखांनीही ते मान्य केलं, कारण संघाला सांगायला त्यांच्या हाती तारीख आणि पुरावा दोन्ही येणार आहेत.

संध्याकाळी ५:३०. रेट्रोस्पेक्टिव्ह

फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे सतरा जणांनी मिळून ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्याच्या तत्त्वांपैकी एक असं, की टीमने ठरावीक काळाने थांबून आपल्या कामाच्या रीतीकडे पाहावं आणि ती सुधारावी. स्प्रिंटच्या शेवटी होणारी रेट्रो म्हणजे तेच.

आजचा विषय अर्थातच प्रश्नचिन्हं. ‘कुणामुळे झालं’ हा प्रश्न आमच्या रेट्रोत विचारायचा नाही, असं ठरलेलं आहे. माणूस दोषी धरला की पुढच्या वेळी माहिती दडवली जाते, आणि दडलेली चूकच सगळ्यांत महाग पडते. आम्ही विचारलं: ही गोष्ट आमच्या हातून निसटून गावापर्यंत कशी पोचली? उत्तर मिळालं. आमच्या चाचणीचे सगळे फोन इंग्रजीवर होते, आणि प्रिंटर एकच होता.

दोन गोष्टी ठरल्या. ‘काम पूर्ण’ कशाला म्हणायचं याची जी यादी आहे, म्हणजे डेफिनिशन ऑफ डन, तिच्यात एक ओळ वाढली: मराठीवर ठेवलेल्या फोनवरून खऱ्या प्रिंटरवर पावती छापून पाहिलेली असावी. आणि आणखी दोन प्रिंटर घ्यायचे. दोन्हींसमोर माणसाचं नाव आणि तारीख लिहिली. नाव-तारखेशिवाय सुटलेली रेट्रो म्हणजे नुसत्या गप्पा.

संध्याकाळी ७:००. निर्णयांची नोंद

संध्याकाळचं संकलन सुरू आहे, पी-९५ जागेवर आहे. दिवस संपताना मी दिवसभरातले निर्णय एका वहीवजा दस्तऐवजात लिहिते: काय ठरलं, का ठरलं, आणि कोणती गोष्ट दिसली तर आम्ही ते बदलू. तिसरा रकाना भरायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. एक्सेलचं बटण नाही, मेळाचा स्क्रीन पुढच्या स्प्रिंटमध्ये. तो आल्यावरही सचिव रात्री बेरजा करत राहिले, तर आमची समजूत चुकली. बिलाचे दहा दिवस एकाखाली एक. पुढच्या फेरीत सभासदांना तरीही पावती सापडली नाही, तर पुन्हा कागदावर. वजावट हाताने, विचारणा घटली नाही, तर विभाग बांधायचा नाही, संघाची सही अडली तरीही.

या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना मला सांगायचं आहे ते या रकान्याबद्दल. शब्द पाठ करा, त्यांच्या परीक्षा द्या, प्रमाणपत्रं घ्या. पण स्प्रिंट असो, एमव्हीपी असो की डॅशबोर्डवरचा एखादा आकडा, तो वापरण्याआधी स्वतःला विचारा: यातून आपली कोणती चूक दिसणार आहे, आणि ती गावात पोचायच्या आधी दिसेल का? उत्तर देता आलं तर ती रीत जीव लावून पाळा. देता आलं नाही, तर ती बैठक रद्द करा आणि तो वेळ एखाद्या संस्थेच्या पडवीत काढा.